जुन्या म्युझिक प्लेअरमधली गाणी मोबाइलवर नेताना

मोटोरोलाचा रॉकर ई१ हा फोन २००५ मध्ये आला तेव्हा त्यात आयट्यून्स हे ॲपलचे गाणी सांभाळणारे सॉफ्टवेअर होते, परंतु मेमरी कार्डात जागा शिल्लक असली तरी १०० पेक्षा अधिक गाणी तो स्वीकारत नसे. त्या काळी फोन आणि म्युझिक प्लेअर वेगवेगळे बाळगणे योग्यच होते. ॲपलने २०२२ मध्ये आयपॉडची मालिकाच बंद केली, आणि आता जुन्या प्लेअरची बॅटरी मान टाकू लागली की त्यातला संग्रह फोनवर आणणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. यासंबंधी मिळणारा सल्ला बहुधा ‘केबल जोडा आणि फोल्डर ओढून टाका’ एवढाच असतो. तो देणाऱ्याने पन्नासाहून अधिक गाणी कधी हलवली नसावीत.

सर्वप्रथम प्लेअरमधली सर्व गाणी संगणकावर उतरवून घ्यावीत. साधा प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडतो, त्यामुळे तिथे काही अडचण येत नाही. आयपॉड असेल तर नव्या संगणकावरचे आयट्यून्स त्यातील सामग्री पुसून सिंक करण्याविषयी विचारते. त्याला कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. क्लासिक किंवा नॅनोसारखा आयपॉड डिस्क म्हणून उघडावा आणि लपवलेली फोल्डर दाखवण्याची सोय सुरू करून आतले म्युझिक नावाचे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यातील फाइलींना चार रोमन अक्षरांची निरर्थक नावे दिसतील, पण घाबरण्याचे कारण नाही, कारण गाण्याची खरी ओळख फाइलच्या नावात नसून तिच्या आतील टॅगमध्ये, म्हणजे शीर्षक, गायक, अल्बम अशा नोंदींमध्ये असते.

उतरवलेल्या संग्रहाची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिला हात लावू नये.

आता खरे काम सुरू होते, ते म्हणजे टॅगची दुरुस्ती. जुने अनेक प्लेअर फोल्डरप्रमाणे गाणी वाजवत. फोनमधील बहुतेक ॲप मात्र फोल्डरकडे दुर्लक्ष करून टॅगवरून संग्रहाची मांडणी करतात. म्हणूनच प्लेअरवर वर्षानुवर्षे नीट वाजलेला संग्रह फोनवर गेल्यावर अनोळखी कलाकार आणि अनोळखी अल्बम यांचा ढिगारा होऊन बसतो. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा गाणी आधी फोनवर टाकली आणि मग तिथेच एकेक टॅग सुधारत बसलो. दोन संध्याकाळी घालवूनही पाव संग्रह झाला नव्हता. टॅगची दुरुस्ती संगणकावरच आणि फोनला केबल लावण्यापूर्वीच पूर्ण करावी, याविषयी माझ्या मनात आता किंचितही शंका नाही. विंडोजवर त्यासाठी एमपी३टॅग हा प्रोग्राम उत्तम आहे.

सर्वाधिक त्रास देणारा रकाना अल्बम आर्टिस्टचा आहे. एका अल्बममध्ये आठ गाणी आणि सहा गायक असतील, आणि हा रकाना रिकामा असेल, तर अनेक ॲप त्या एका अल्बमचे सहा तुकडे करतात. आर्टिस्टच्या रकान्यात त्या त्या गाण्याचा गायक राहू द्यावा, परंतु अल्बम आर्टिस्टमध्ये सर्व गाण्यांसाठी एकच नाव लिहावे, मग ते संगीतकाराचे असो वा नुसते ‘विविध कलाकार’ असो. गायकाचे नाव कुठे रोमनमध्ये, कुठे देवनागरीत आणि कुठे शेवटी एक अदृश्य मोकळी जागा सोडून लिहिलेले असते. आपल्याला तो एक गायक दिसतो, पण फोनला तीन दिसू शकतात. लिपी कोणतीही निवडावी, पण संपूर्ण संग्रहासाठी एकच निवडावी.

देवनागरी टॅगचे दुखणे वेगळे आहे. शीर्षकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील आणि संगणकावरच्या टॅग संपादकातही तीच दिसत असतील, तर मूळ अक्षरे नष्ट झाली आहेत असे समजून ती पुन्हा टंकित करावीत. कोणतेही साधन ती परत आणू शकत नाही. मात्र डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या मागे येनचे किंवा तत्सम चलनचिन्ह पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर शाबूत आहे. तो यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत आहे आणि चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे, एवढेच. अशी शीर्षके एनकोडिंग, म्हणजे अक्षरे वाचण्याची पद्धत, बदलून सावरता येतात, त्यामुळे ती घाईने खोडू नयेत. रोमन लिपीतले शीर्षक बरोबर तिसाव्या अक्षरावर तुटत असेल, तर फोन आयडी३व्ही१ हा जुन्या प्रकारचा टॅग वाचत आहे. त्यात शीर्षकासाठी ३० बाइटच असतात आणि देवनागरीचे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे आपले शीर्षक दहाव्या अक्षराच्या आसपासच संपते. मी जुना टॅग काढून टाकतो आणि आयडी३व्ही२.३ हा प्रकार यूटीएफ-१६ सह लिहितो. हा प्रकार नाकारणारे ॲप मला अजून भेटलेले नाही.

एक इशारा अनुभवातून देतो. सर्व फाइली निवडलेल्या असताना अल्बमच्या रकान्यात काही लिहून जतन केले, तर ते सर्व फाइलींना लागू होते. मी एकदा असे करून प्रोग्राम बंदही केला आणि संपूर्ण संग्रह एकाच अल्बमच्या नावाखाली आला. वर सांगितलेली दुसरी प्रत तेव्हा माझ्याकडे नव्हती. म्हणून एका वेळी एकच अल्बम निवडावा, कितीही कंटाळा आला तरी.

टॅग सुधारले की त्यांच्यावरून फाइलींची नावे आपोआप बदलून घ्यावीत. गाण्याचा क्रमांक मात्र दोन अंकी ठेवावा, अन्यथा १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो.

याच वेळी अनेकांना गाण्यांचा ‘दर्जा वाढवण्याची’ इच्छा होते, ती आवरावी. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३चे ३२० मध्ये रूपांतर केल्याने गमावलेला ध्वनी परत येत नाही. मिनिटाला सुमारे एक एमबी घेणारी फाइल अडीचपट जागा खाते, इतकेच. नावाच्या शेवटी एम४पी असलेल्या फाइली मात्र कुलूपबंद असतात आणि अँड्रॉइडवर वाजत नाहीत. आयट्यून्स स्टोअरने २००९ मध्ये गाण्यांवरील हे कुलूप काढले, त्यामुळे ती त्याआधीची खरेदी समजावी.

फोन केबलने जोडून त्यावर फाइल ट्रान्सफर निवडावे आणि गाणी चार-पाचशेच्या गटांनी पाठवावीत. एकदम सारा संग्रह पाठवला आणि मध्येच जोडणी तुटली, तर काय गेले आणि काय राहिले हे शोधणे जिकिरीचे होते.

प्लेलिस्ट हलवायच्या असतील तर एम३यू फाइल, म्हणजे प्लेलिस्टची यादी असलेली फाइल, एखाद्या साध्या मजकूर संपादकात उघडून पाहावी. तिच्यात जुन्या संगणकाच्या ड्राइव्हचे पूर्ण पत्ते असतील तर फोनला गाणी सापडणार नाहीत; ते पत्ते काढून फक्त फोल्डर आणि फाइलचे नाव ठेवावे, उलट्या तिरप्या रेघांच्या जागी सरळ तिरप्या रेघा घालाव्यात आणि नावे देवनागरीत असल्यास फाइल एम३यू८ म्हणून जतन करावी.

इतके करूनही ॲपमध्ये एखादे फोल्डर दिसत नसेल, तर त्यात नोमीडिया नावाची लपलेली फाइल आहे का ते तपासावे, कारण ती असली की अँड्रॉइड ते फोल्डर वगळतो. ती काढून फोन पुन्हा सुरू करावा. पडदा बंद होताच गाणे थांबत असेल, तर त्या ॲपला बॅटरी बचतीच्या निर्बंधातून सूट द्यावी.