फॉर्टी-फोर मॅग्नमची काडतुसे घरी भरताय? या चुका टाळा

फॉर्टी-फोर मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं जोरदार काडतूस. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे अनेक शौकीन वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाचं नळकांडं) बंदुकीची दारू आणि नवी गोळी घालून काडतुसे घरीच भरतात. (भारतात परवान्याशिवाय हा उद्योग १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो, त्यामुळे हे तिकडे राहणाऱ्यांसाठी.) नवखा माणूस पहिली चूक करतो ती हौसेपोटी: मॅग्नम आहे ना, मग प्रत्येक काडतूस दणक्याचंच हवं!

कागदी लक्ष्यावर नेम धरायचा असेल तर २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी शिशाची गोळी सेकंदाला ८००-९०० फूट वेगाने गेली तरी पुष्कळ झालं. दणका जास्त असला की हात आधीच बिचकतो आणि नेम जातो. हरणाच्या शिकारीला त्याच वजनाची, पण तांब्याचं आवरण असलेली, फुलणारी गोळी अधिक वेगाने लागते. अलास्कात अस्वलापासून बचावासाठी मात्र ३०० ग्रेनच्या आसपासची, कडक शिशाची, सपाट नाकाची गोळी घेतात. ती फुलण्यापेक्षा खोल जाणं महत्त्वाचं.

आता सगळ्यात घातक चूक. मॅग्नमसाठीची एच-११० ही संथ जळणारी दारू कमी घालून हलकं काडतूस बनवू नका. ती अर्धवट पेटते आणि गोळी नळीतच अडकू शकते. आवाज फुसका आला तर तिथेच थांबा, बंदूक रिकामी करा, नळी तपासा. मागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. हलक्या भारासाठी (कमी जोराच्या काडतुसासाठी) दारूच वेगळी, झटपट जळणारी घ्यावी. तिचा धोका उलटा: ती पुंगळीत इतकी कमी जागा घेते की दुप्पट पडली तरी मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकवायचंच. प्रमाण मात्र दारू कंपनीच्या चालू तक्त्यातूनच, कुणा मित्राच्या वहीतून नव्हे.

मध्येच सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) फिरेनासा झाला? बहुधा धक्क्याने गोळी पुढे सरकून सिलिंडरबाहेर डोकावते आहे. सहातली पाच झाडा, उरलेल्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा. वाढली असेल तर पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत नीट दाबलेलं नाही, किंवा पुंगळीची पकडच ढिली आहे. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली न जळलेले दारूचे कण अडकले तरी हेच होतं. पुंगळ्या काढताना नळीचं तोंड वर ठेवा.

नळीत शिसं बसतंय म्हणून लोक अजून कडक शिसं शोधतात. दोष बऱ्याचदा मापात असतो: गोळी सिलिंडरमधल्या भोकाच्या पुढच्या तोंडापेक्षा बारीक असली की बाजूने गरम वायू निसटतो.

फॉर्टी-फायव्ह कोल्ट हे दुसरं काडतूस भरणाऱ्यांनी विशेष जपावं. हे काडतूस १८७३ चं. रुगर कंपनीच्या मजबूत बंदुकांसाठी छापलेला भार जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नका.

आणि मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये फॉर्टी-फोर स्पेशल ही आखूड काडतुसं झाडत असाल, तर लांब काडतुसं भरण्यापूर्वी सिलिंडरमधलं काजळीचं कडं ब्रशने काढा.