गोव्यात बाईकची चेन सांभाळताना या चुका टाळा

मिरगाचे दोन-चार पाऊस झाले की सकाळी बाईक काढताना चेन करकरते. रात्री ओली गाडी तशीच अंगणात लावलेली असते आणि पहाटेपर्यंत कड्यांवर तांबूस थर चढलेला असतो. बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरवाल्यांना ही काळजी नाही. आम्हा डिचोली-पणजी रोज ये-जा करणाऱ्या बाईकवाल्यांना मात्र आहे, आणि दिवसभर भाडी मारणाऱ्या पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना, तर आमच्याहून जास्त.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे चेन कडक करणे. ढिली चेन खडखडते म्हणून ती ताणून घ्यायची आणि आवाज गेला की समाधान मानायचे. माझ्या गाडीची चेन एका गॅरेजात अशीच तारेसारखी ताणली गेली आणि काही महिन्यांतच पुढच्या स्प्रॉकेटमागच्या (स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) बेअरिंगचा आवाज येऊ लागला. मागे माणूस बसला किंवा खड्ड्यात चाक दबले की मागचा ॲक्सल पुढच्या स्प्रॉकेटपासून किंचित दूर जातो. तेवढी ढील चेनमध्ये नसेल, तर सगळा ताण बेअरिंगवर येतो. म्हणून खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. बऱ्याच लहान बाईकना २० ते ३० मिमी खेळ लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी पाहा आणि जिथे ती सर्वांत कडक लागते तिथेच माप धरा. ॲक्सल सरकवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याचा खेळही पुन्हा बघावा लागतो.

दुसरी चूक ऑइलची. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकट मिळते म्हणून चेनवर ओततात. त्यात झिजलेल्या धातूचा बारीक कीस असतो. उघड्या चेनवर जाड ग्रीस थापले तर मिरामार किनाऱ्यावरची वाळू किंवा खाणपट्ट्यातली लाल धूळ त्यात रुतून बसते आणि कानस चालवल्यासारखी स्प्रॉकेटचे दात खाते. चेन ल्यूब किंवा ९० ग्रेडचे गिअर ऑइल पुरेसे आहे. ते गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने लावा आणि जास्तीचे पुसून टाका. साधारण ५०० किलोमीटरला एकदा. पावसाळ्यात त्याहून लवकर.

किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी साध्या नळाच्या पाण्याने चेन धुवा, कोरडी करा, मग ऑइल द्या. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे नुसते पुसून भागत नाही. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोल, तारेचा ब्रश आणि प्रेशरचा फवारा टाळा. रबर गेले की आतले ग्रीसही जाते.

साफ करताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. यात बोटे तुटतात. डबल स्टँड, न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवा.

आता बदलायची कधी? चेन वाढते असे आपण म्हणतो, पण खरे तर पिन आणि बुश झिजतात आणि दोन कड्यांमधले अंतर वाढते. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ मापाची चेन असते. ती ताणून धरून २१ पिनांचे, म्हणजे २० कड्यांचे अंतर मोजा. नवीन असताना ते २५४ मिमी भरते. २५९ च्या आसपास गेले की चेन संपली. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागे चेन ओढून बघा, अर्धा दात उघडा दिसला तर बदला. दात हुकासारखे वाकलेत, किंवा ऑइल देऊनही काही कडी आखडलेलीच राहतात, तरीही तेच.

पैसे वाचवायला एकटी चेन घालू नका. झिजलेले दात नव्या चेनला लवकर खातात, म्हणून दोन्ही स्प्रॉकेटसह पूर्ण किट घ्या. चेनची दोन टोके जोडणाऱ्या क्लिप लॉकचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, हे गॅरेजातून निघण्याआधी स्वतः वाकून पाहा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, तेव्हा पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ढील पुन्हा एकदा तपासा.