लंडनच्या बालसंस्थेत स्वयंसेवक म्हणून जाताना: मराठवाड्यातून निघण्याआधीची तयारी

तिकीट काढण्याआधी काम ठरवा, कारण कोणता व्हिसा लागेल हे कामावरच ठरतं. लंडनमध्ये नातेवाईक आहेत, दीड-दोन महिने राहून शहर बघायचं आहे आणि त्यातले काही दिवस मुलांच्या शिबिरात मदत करायची आहे, एवढंच असेल तर व्हिजिटर व्हिसा चालतो. मात्र या व्हिसावर सेवाकार्य एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही, संस्था नोंदणीकृत धर्मादाय संस्था असावी लागते आणि प्रवासाचा मुख्य हेतू सेवाकार्य हा नसावा लागतो. मुळात सेवेसाठीच जायचं असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा घ्या. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो, त्यावर कामाचा मोबदला घेता येत नाही आणि त्यासाठी संस्थेकडे सरकारचा स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी माणसाला कामासाठी बोलावण्याची परवानगी, लागते. संस्था तुमच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढते. हे सर्टिफिकेट म्हणजे प्रत्यक्षात एक क्रमांक असतो आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर व्हिसाचा अर्ज करावा लागतो.

संस्था खरी आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. इंग्लंडमधल्या संस्थांची नोंद चॅरिटी कमिशनच्या यादीत सापडते आणि परवानाधारक स्पॉन्सरची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर असते. दोन्ही फुकट पाहता येतात. स्पॉन्सरशिपचा क्रमांक विकत देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

काम कसं असतं याचीही कल्पना हवी. आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तसा मोठा अनाथाश्रम तिथे सहसा नसतो. आईवडिलांपासून दूर असलेली बहुतेक मुलं त्यांना सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत (फॉस्टर फॅमिली) राहतात. त्यामुळे स्वयंसेवक लागतात ते शाळा सुटल्यानंतरच्या क्लबांत, सुट्टीतल्या शिबिरांत किंवा मुलांकडून वाचून घ्यायला. सर्वांत जास्त माणसं लागतात ती उन्हाळी सुट्टीत, म्हणजे जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या सहा आठवड्यांत. त्यासाठीचा पत्रव्यवहार फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू करा. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा हिशोब तिथे लागू पडत नाही. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मेमध्ये त्यांना साधारण आठवडाभराचीच सुट्टी असते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ खाते ती पार्श्वभूमीची तपासणी. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा, अथवा ३० दिवसांत चार दिवस मुलांना शिकवणं, सांभाळणं किंवा त्यांच्यावर लक्ष ठेवणं असेल, तर ते नियंत्रित काम ठरतं आणि संस्था तुमची डीबीएस तपासणी, म्हणजे ब्रिटिश सरकारी यंत्रणेकडून गुन्हेगारी नोंदींची तपासणी, करून घेते. स्वयंसेवकाला त्याचं सरकारी शुल्क पडत नाही. पण भारतात राहिलेल्या माणसाची माहिती त्या तपासणीत येत नाही, म्हणून संस्था इथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मागते. ते पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतं. पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट केंद्रांतही २०२२ पासून ही सोय झाली आहे.

डीबीएससाठी मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लागतात, एकही महिना न सोडता. मूळ गाव परभणीचं, शिक्षण संभाजीनगरला वसतिगृहात, नंतर पुण्यात भाड्याची खोली, अशी अवस्था असलेल्यांनी आजच वहीत तारखांसह पत्ते लिहून काढावेत. शहरांची नावंही जुळवून घ्या. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर अर्जासोबत एका ओळीत तसा खुलासा जोडा. स्वतःचं नाव मात्र सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असतं, ते पाहून फॉर्म भरला की दोन वेगळी माणसं वाटतात आणि तपासणी अडकते.

पैशांचा पुरावा हे दुसरं अडणारं ठिकाण. चॅरिटी वर्कर व्हिसासाठी, संस्थेने खर्चाची हमी दिली नसेल तर, खात्यात किमान १,२७० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात आणि २८वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांतला असावा लागतो. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. रुपयाचा दर हलतो म्हणून थोडी जास्त रक्कम ठेवा आणि त्या महिन्यात त्या खात्यावरून काहीच खर्च करू नका. व्हिजिटर व्हिसाला अशी ठरावीक रक्कम नाही, पण पैसा कुठून आला हे पाहिलं जातं. सोयाबीन-कापसाचे पैसे खात्यात एकदम जमा होतात आणि शेती माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला ते संशयास्पद वाटतं. अडत्याची हिशोबपट्टी आणि सातबारा जोडला की उलगडा होतो. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख व संपर्क असावाच लागतो.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर सकाळची पहिली वेळ घेऊ नका, दुपारची घ्या. गाडीला उशीर झाला तर वेळ हुकते. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातच क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते आणि आरोग्य अधिभारही (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क) भरावा लागतो. कमी मुक्कामाला प्रवास विमा घ्या. गोवराच्या लसीची नोंद शोधून ठेवा, कारण आजारी मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्था ती मागू शकतात.

आता खरी तयारी, जी बॅगेत भरता येत नाही. आपल्याकडे लेकराला उचलून घेणं, गालाला हात लावणं, खाऊ देणं ही माया आहे. तिथे मुलाच्या सुरक्षेचे नियम आधी येतात आणि ते योग्यच आहेत, कारण तिथे येणाऱ्या काही मुलांना मोठ्यांच्याच हातून इजा झालेली असते. दार बंद करून एकट्या मुलासोबत बसायचं नाही. फोटो काढायचा नाही, मग स्टेटसला टाकणं दूरच. स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. मूल काही सांगू लागलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका आणि त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून संस्थेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला द्या. खाऊबाबत तर फार जपा. शेंगदाण्याच्या ॲलर्जीने मुलाचा जीव जाऊ शकतो, म्हणून चिक्की, लाडू, शेंगाचटणी कामाच्या ठिकाणी नेऊच नका. डब्यात खाल्ली असेल तर हात साबणाने धुवा.

सामानात तूप, पेढे, खव्याचं काही ठेवू नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत नेण्यास तिथे बंदी आहे. ज्वारीचं पीठ लंडनच्या वेंबली आणि साउथॉल भागांतल्या दुकानांत मिळतं. जाड कोटही इथून ओझं करून नेऊ नका, धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत वापरलेला पण चांगला कोट स्वस्तात मिळतो. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर न्या, व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच आहे. बँकेच्या कार्डावर परदेशी वापर आणि सिमवर रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या. नाहीतर ओटीपी येत नाही आणि खात्यात पैसे असून हाती काही लागत नाही.

क्लबचं काम बहुधा शाळा सुटल्यावर, तीननंतर सुरू होतं. म्हणजे शहर बघायला सकाळ मोकळी मिळते आणि साडेनऊनंतर ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, भाडंही सहसा कमी लागतं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्डच लागतं. पहिल्या बसला कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही. ट्यूबमध्ये चढताना-उतरताना एकच कार्ड लावा. एकीकडे फोन आणि दुसरीकडे कार्ड लावलं तर दोन अपुरे प्रवास धरून जास्त पैसे कापले जातात. फुटपाथच्या कडेला फोन हातात धरून उभं राहू नका, सायकलवरून हिसकावून नेतात.

ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम, मुलांसाठीचं यंग व्ही अँड ए, सगळीकडे मूळ प्रवेश फुकट आहे. आपल्या माणसांनी प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर चुकवू नये. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या माणसाने कुठे बसून अभ्यास केला, हे बघण्यासारखं आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. ब्लूम्सबरीतलं कोरम्स फील्ड्स हे मुलांचं मैदान मात्र बाहेरूनच बघावं लागेल. सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत.

परत येण्याची तारीख संस्थेला पहिल्याच आठवड्यात सांगा. मुलांना ती कधी आणि कशी सांगायची हे तिथली माणसं ठरवतील. डीबीएसचं मूळ प्रमाणपत्र फक्त तुमच्याच नावाने टपालाने येतं, ते जपून आणा. केलेले तास आणि काम लिहिलेलं पत्रही लेटरहेडवर मागून घ्या.