अँटिग्वात कॅमेरा घेऊन फिरताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की ओळखीच्या मराठी मंडळींचे मेसेज सुरू होतात. कुणी ह्यूस्टनहून, कुणी न्यू जर्सीहून, एखादा थेट पुण्याहून. "ग्वाटेमालाला चाललोय, अँटिग्वात तीन दिवस आहोत, फोटोंसाठी काही टिप्स?" मी सविस्तर लिहून पाठवते. 'थँक यू ताई' येतं आणि महिन्याभराने तेच बिघडलेले फोटो माझ्यासमोर येतात. मी या गावात पहिल्यांदा आले ती स्पॅनिश शिकायला. त्यानंतर ईस्टरआधीच्या उपवासकाळात जमेल तेव्हा येतेच. त्याच त्या चुका बघून जीव विटलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी तिकिटाचं. अँटिग्वा नावाचं कॅरिबियन बेट वेगळं. आपल्याला जायचंय ते 'ला अँटिग्वा ग्वाटेमाला'. त्यासाठी ग्वाटेमाला सिटीच्या ला आउरोरा विमानतळावर उतरायचं आणि पुढे गाडीने यायचं.

कमान मोठी, डोंगर ठेंगणा

सांता कातालिनाची पिवळी कमान सगळ्यांना हवी असते. मठातल्या जोगिणींना लोकांच्या नजरेस न पडता रस्ता ओलांडता यावा म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. वरचं घड्याळ पुढे एकोणिसाव्या शतकात आलं. कमानीतून दक्षिणेला आग्वा ज्वालामुखी दिसतो. तो 3,760 मीटर उंच आहे आणि डोळ्यांना अगदी अंगावर आल्यासारखा वाटतो. फोटोत मात्र टेकडीएवढा दिसतो. मग लोक मोबाइलला दोष देतात.

दोष उभं राहण्याच्या जागेचा आहे. लोक कमानीच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात, सगळं मावेना म्हणून मोबाइल 0.5 वर टाकतात आणि डोंगर तिथेच बुटका होतो. उलट करा. त्याच रस्त्याने उत्तरेला, ला मेर्सेद चर्चच्या दिशेने मागे चालत जा आणि 2 किंवा 3 पट झूम करा. कमान आहे तेवढीच राहते, मागचा डोंगर पुढे सरकल्यासारखा उभा राहतो. मी चर्चजवळ पोचेपर्यंत कॅमेरा बाहेरच काढत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. अँटिग्वा साधारण साडेचौदा अक्षांशावर आहे, आपल्या गोव्याच्याही किंचित दक्षिणेला. म्हणजे दुपारचं ऊन कसं डोक्यावर येतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. हिवाळ्यात तर भर दुपारी सूर्य नेमका आग्वाच्या वरच्या बाजूला असतो आणि डोंगर नुसता राखाडी धुरकट दिसतो. पहाटे सहा ते आठ ही खरी वेळ. मे ते ऑक्टोबर या पावसाळ्यात तर तीच एक वेळ हाती लागते, कारण नंतर ढग उतरतात. या गावात 'काये' नावाचे रस्ते पूर्व-पश्चिम धावतात आणि 'अव्हेनिदा' नावाचे उत्तर-दक्षिण. एवढं लक्षात ठेवलं की कुठल्या भिंतीवर ऊन कधी येईल ते नकाशाशिवाय कळतं. नऊला उठून, नाश्ता करून, साडेदहाला कमानीपाशी पोचणाऱ्यांसाठी माझ्याकडे कुठलंही सेटिंग नाही.

आणि कृपा करून आग्वाच्या फोटोखाली 'धगधगता ज्वालामुखी' लिहू नका. आग्वा म्हणजे पाणी. 1541 साली या डोंगरावरून चिखलपाण्याचा लोंढा आला आणि तेव्हाची राजधानी गाडली गेली. मग 1543 मध्ये आजच्या जागी नवं शहर वसवलं. 1773 च्या भूकंपात तेही कोसळलं आणि राजधानी आणखी दूर, आजच्या ग्वाटेमाला सिटीत गेली. धूर ओकतो तो फुएगो, नैर्ऋत्येला.

भुशाचा गालिचा आणि एक टाच

ही माझी सगळ्यात दुखरी जागा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पवित्र सप्ताहात, म्हणजे सेमाना सांतात, मिरवणुकीच्या वाटेवर घराघरांतून आल्फोम्ब्रा घालतात. रंगवलेल्या लाकडी भुशाचे, पाइनच्या हिरव्या काड्यांचे आणि फुलांचे हे गालिचे. पालखीच्या वाटेवर आपल्याकडे रांगोळ्या घालतात ना, मनात भाव तोच, फक्त इथे अख्खा रस्ता भरतो. आधी साध्या भुशाचा थर देऊन दगडी रस्ता सपाट करतात. मग साचे ठेवून चाळणीने एकेक रंग पाडतात. पाय पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना टेकू देऊन वर आडवी फळी टाकतात आणि तिच्यावर पालथं पडून काम करतात. वाऱ्याने उडू नये म्हणून मधूनमधून पाणी शिंपडतात. कुटुंबाची अख्खी रात्र यात जाते.

काही वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या पहाटे माझ्यासोबत ओळखीतला एक मुलगा होता. नवी वाइड लेन्स घेऊन आला होता. समोर एका घराचा गालिचा पुरा होत आला होता: जांभळी किनार, मध्ये पांढऱ्या पाकळ्या, कोपऱ्यात हिरवा केत्साल पक्षी. पूर्ण रस्ता फ्रेममध्ये यावा म्हणून तो डोळा स्क्रीनवर ठेवून एकेक पाऊल मागे सरकत गेला. मागे दुसऱ्या घराचा गालिचा सुरू होतो हे त्याने पाहिलंच नाही. टाच किनारीत रुतली. वीतभर खड्डा पडला, खालचा दगड दिसायला लागला.

त्या घरची बारा-तेरा वर्षांची मुलगी काही न बोलता फळीवर पालथी झाली. आधी साधा भुसा हाताने दाबून भरला, मग चाळणी धरून मनगटाला हलके झटके देत जांभळा रंग पाडला. तिच्या नखांत, कोपरापर्यंत जांभळा रंग होता. मी माफी मागितली. आजोबा म्हणाले, "नो तेंगा पेना", म्हणजे मनाला लावून घेऊ नका. ग्वाटेमालात दिवसातून दहादा ऐकू येणारे शब्द, पण त्या दिवशी मला मान वर करवेना. तो मुलगा मात्र मला हळूच म्हणाला, "ताई, तसंही अर्ध्या तासात मिरवणूक तुडवणारच आहे ना?"

हे वाक्य मी नंतरही कितीदा ऐकलंय आणि दर वेळी तितकाच संताप येतो. हो, तुडवणार आहे, आणि त्याचसाठी तो घातलाय. त्यावरचं पहिलं पाऊल आंदा वाहणाऱ्यांचं. आंदा म्हणजे मूर्तींचा तो अवाढव्य लाकडी डोलारा. त्याच्याखाली एका वेळी डझनावारी खांदे असतात आणि ठरावीक अंतरावर ते बदलतात. रात्रभर राबून जे अर्पण केलं, ते पोचायच्या आधी कुणा फिरस्त्याच्या बुटाने मोडायचं नसतं. पालखी यायच्या आधी कुणी दारातल्या रांगोळीवर पाय दिला तर आपली आजी काय म्हणाली असती ते आठवा.

माझी सवय सांगते. सेमाना सांतात मी कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊलही मागे टाकत नाही. कॅमेरा खाली, मान मागे, पाय बघून सरकायचं, मगच पुन्हा कॅमेरा वर. फुटपाथ सोडायचा नाही. आणि पूर्ण झालेल्या गालिच्यामागे धावण्यापेक्षा रात्री अकराला जा. दिव्याखाली चाळण्या हलत असतात, पोरं पेंगत असतात, कुणीतरी कॉफीचा थर्मास आणतं. फोटो तिथे आहेत. थोडा वेळ नुसते बसलात तर एखाद्या वेळी चाळणी तुमच्याच हातात देतील.

जांभळा रंग निळा का येतो?

आंदा वाहणारे पुरुष, म्हणजे कुकुरुचो, गुड फ्रायडेला दुपारी तीनपर्यंत जांभळ्या झग्यात असतात आणि त्यानंतर काळ्या. पिवळ्या भिंती आणि धूपाचा पांढरा धूर यांत ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि जांभळ्याचा निळा करतो. मी तो 'डेलाइट'वर बांधून टाकते. धुरात ऑटोफोकसही पुढेमागे हुंदडतो. आंदा जिथून जाणार त्या दगडावर आधी फोकस करा, लॉक करा आणि थांबा. फ्लॅश बंद ठेवा, कारण धुरात तो समोर पांढरा पडदा उभा करतो आणि वाहणाऱ्यांच्या डोळ्यांवरही येतो. मोबाइलवर झळाळत्या भिंतीवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर पिवळ्या भिंतीचा नुसता पांढरा पट्टा मिळेल.

माणसं म्हणजे सजावट नव्हे

मुख्य चौकात विणलेले कपडे विकणाऱ्या बायका असतात. त्यांतल्या बऱ्याच काक्चिकेल या माया समाजाच्या, आसपासच्या गावांतल्या. अंगात विपील, म्हणजे हातमागावर विणलेलं पोलकं. सान आंतोनियो आग्वास कालियेंतेसमध्ये हा माग कमरेला बांधून चालवतात आणि एका चांगल्या विपीलला कित्येक महिने लागतात. लांबून झूम लावून यांचे चोरून फोटो काढणं मला मुळीच पटत नाही. 'नॅचरल येतात' हे त्याचं समर्थन होत नाही.

आधी "बुएनोस दियास". मग दोन गोष्टी विचारा, काही आवडलं तर घ्या. मग "मे पेर्मिते ऊना फोतो?" नाही म्हणाल्या तर हसून पुढे व्हा. पैसे मागितले तर द्या, घासाघीस करू नका. काक्चिकेलमध्ये 'मात्योश' म्हणजे आभार; हा एक शब्द म्हटलात तरी चेहरा खुलतो. तांके दे ला उनिओन या कमानींच्या ओवरीतल्या सार्वजनिक धुण्याच्या जागीही हेच. तिथे कुणी कपडे धूत असेल तर ते तिचं घरकाम आहे.

लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय कधीच नाही. 2000 साली या देशातल्या तोदोस सांतोस या डोंगरी गावात मुलं पळवणाऱ्यांची अफवा होती. तिथे जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि बसच्या चालकाला ठार मारलं. अँटिग्वा तसं गाव नाही, पण आईच्या मनातली ती धास्ती तिथे आणि इथे सारखीच.

सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये एर्मानो पेद्रो या संताच्या समाधीपाशी लोक नवस बोलायला आणि फेडायला येतात. प्रार्थना करणाऱ्याचा फोटो काढू नका. एवढंच.

थोडक्यात आणखी काही

भर दुपारी रस्त्यावर तळमळू नका. छप्पर कोसळलेल्या कॅथेड्रलच्या अवशेषांत जा, घुमटाच्या भोकांतून तेव्हाच उजेड खाली उतरतो. लास कापुचिनास या जुन्या मठाच्या गोल इमारतीतल्या 18 खोल्याही त्याच वेळी बघाव्यात.

सपाट, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत, कॅमेऱ्यासकट पडाल.

टुकटुक ओळखीची वाटली तर नवल नाही, इथे बजाजच्याच रिक्षा धावतात. त्यात बसून हलते फोटो काढण्याऐवजी उतरा आणि चाला, गाव लहान आहे.

फुएगो आणि राख

रात्री गच्चीवरून फुएगोचा लालभडक फवारा दिसला की लोक 30 सेकंदांचं एक्स्पोजर लावतात आणि पांढरा डाग घेऊन येतात. मी ट्रायपॉडवर, आयएसओ 800, 6 ते 8 सेकंद ठेवते. दूरच्या एखाद्या दिव्यावर हाताने फोकस करून रिंगवर चिकटपट्टी लावते. मग वाट बघते. कधी पंधरा मिनिटांत उडतो, कधी रात्रभर नाही. 'किती वाजता उडतो?' असं विचारणाऱ्यांनी झोपावं. आणि तो उडाला की आरडाओरडा नको. 3 जून 2018 ला याच डोंगराने पायथ्याचं सान मिगेल लोस लोतेस गाव गाडलं. गच्चीवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं तिथे कोण होतं ते आपल्याला माहीत नसतं.

कधी गावावर बारीक राख पडते. लेन्सवर राख दिसली की शर्टाने पुसू नका. ती धूळ नाही, काचेसारखी धारदार असते, एका फटकाऱ्यात चरे पडतात. कॅमेरा उलटा धरा, ब्लोअरने उडवा, उरलेली मऊ ब्रशने झटका, कापड सगळ्यात शेवटी.

शनिवारची संध्याकाळ मात्र फोटोंसाठी म्हणून राखू नका. दारावर लाल दिवा लावलेलं घर दिसलं की समजा तिथे तामाल तयार आहेत. दार वाजवा, मक्याचा तो गरम गोळा पानातून सोडवून खा. दिव्याखाली उभ्या असलेल्या बाईंचा फोटो हवा असेल तर खाऊन झाल्यावर विचारा. त्या लाल उजेडात चेहरा भाजल्यासारखा येतो, तेव्हा त्यांना पाऊलभर आत, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या दिव्याकडे वळायला सांगा. उशिरा गेलात तर पातेलं रिकामं असतं.