मॅन पेजसाठी मार्कअप निवडताना या चुका टाळा

प्रोग्रॅम तयार आहे, रीडमी मार्कडाउनमध्ये आहेच, तर पॅनडॉकने (एका मार्कअपचं दुसऱ्यात रूपांतर करणारं टूल) त्याचंच मॅन पेज (टर्मिनलमध्ये मॅन कमांडने उघडणारं मदतपान) करून टाकू, असं पटकन मनात येतं. पहिली चूक इथेच होते. मॅन पेज उघडणाऱ्याचं काम अडलेलं असतं आणि त्याला नेमका एक ऑप्शन हवा असतो. रीडमीतली ओळख त्याच्या उपयोगाची नाही, म्हणून मजकूर वेगळा लिहा. पॅनडॉक वापरायचंच असेल तर स्टँडअलोन आउटपुट मागायला विसरू नका. नाहीतर पानाच्या डोक्यावरची, नाव आणि विभाग सांगणारी टीएच ओळच येत नाही.

मॅन पेज ज्या मार्कअपमध्ये असतं ते रॉफ जुनं म्हणून त्याला घाबरू नका. मॅन मॅक्रो (ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहायच्या मांडणीच्या आज्ञा) 1979 च्या युनिक्स सातव्या आवृत्तीपासून आहेत आणि छोट्या पानाला पाच-सहा पुरतात. मात्र दोन खड्डे आहेत, आणि दोन्ही वरवर दिसत नाहीत.

पहिला टिंबाचा. वाक्य मोडून नवी ओळ अशी सुरू झाली समजा:

.बॅशआरसी मध्ये ही सेटिंग ठेवा

रॉफला हा मॅक्रो वाटतो. असा मॅक्रो नसल्यामुळे अख्खी ओळ गायब होते, आणि बहुतेक वेळा एररही दिसत नाही. ओळीच्या सुरुवातीला \& लावा. एकेरी अवतरणचिन्हानेही हेच होतं.

दुसरा उणे चिन्हाचा, आणि याने वाचकाला खरा त्रास होतो. ग्रॉफ (रॉफ वाचून पान मांडणारा प्रोग्रॅम) यूटीएफ-8 आउटपुटमध्ये साध्या - चं छापील संयोगचिन्ह करतं. वाचक ऑप्शन कॉपी करून टर्मिनलमध्ये पेस्ट करतो, तर प्रोग्रॅम तो ओळखतच नाही; पानात शोधलं तरी सापडत नाही. ऑप्शनमध्ये नेहमी \- लिहा. डेबियन लिनक्स हा बदल आपल्या सेटिंगमध्ये थोपवून धरतं, त्यामुळे तिथे लिहिणाऱ्याला दोष दिसतच नाही.

अवजड साखळीही टाळा. गिटची पानं ॲस्कीडॉकमधून डॉकबुक (दोन्ही मार्कअपच), तिथून रॉफ अशी तयार होतात. ढीगभर पानं आणि वेबसाइट एकाच मजकुरातून काढायची असेल तर ते ठीक. एका पानासाठी पॅकेज बांधणाऱ्याला एवढी टूल्स बसवायला लावू नका; तयार पान सोर्ससोबत द्या. हेल्पटूमॅन (प्रोग्रॅमच्या हेल्प आउटपुटमधून पान बनवणारं टूल) कच्च्या खर्ड्यापुरतं बरं, पण त्याला प्रोग्रॅम चालवून बघावा लागतो, म्हणून क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बांधताना, अडतं.

माझं मत विचाराल तर नवं पान एमडॉकमध्ये (रॉफचाच दुसरा मॅक्रो संच) लिहा. त्यात अक्षर ठळक करा असं सांगायचं नसतं, हा फ्लॅग, हा आर्ग्युमेंट, हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असं सांगायचं असतं. म्हणूनच मॅनडॉक या मॅन पेज दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ॲप्रोपॉस या शोध-कमांडला एखादा व्हेरिएबल कुठल्या पानांत आहे तेही शोधता येतं. फक्त एकाच फाइलमध्ये मॅन आणि एमडॉक मॅक्रो मिसळू नका.

पान उघडतं, पण व्हॉटइजमध्ये (पानाचं एका ओळीतलं वर्णन देणारी कमांड) सापडत नाही? नेम सेक्शन बघा. मॅन मॅक्रो वापरले असतील तर तिथे प्रोग्रॅमचं नाव, मग \- आणि एका ओळीत वर्णन, एवढंच हवं. मॅन-डीबी (मॅन कमांड पुरवणारं पॅकेज) असलेल्या लिनक्सवर लेक्सग्रॉग या तपासणी कमांडला फाइल द्या, ओळ वाचता येते की नाही ते लगेच कळतं. बाकीच्या चुका मॅनडॉकचा लिंट (चुका तपासणारा) मोड ओळ क्रमांकासकट दाखवतो.