मोठा प्रोसेसर, स्वस्त बोर्ड: पारख कशी करायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्रीसाठी कास्टिंगचं सिम्युलेशन चालवणारा संगणक तासन्‌तास प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर (हिशोब करणाऱ्या भागांवर) पूर्ण भाराने चालतो. गेम खेळताना असा भार क्वचितच येतो. म्हणून खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिलंय एवढ्यावर मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’) घेऊ नये. त्याचबरोबर चाळीस हजारांचाच बोर्ड हवा, हेही खरं नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा), साधारण १२ ते १८ हजारांतला बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा बोर्ड एएमडीच्याच रायझन ९ ७९५०एक्स किंवा ९९५०एक्सला पुरू शकतो. कंपनीने त्यातले पैसे दिव्यांवर घातलेत की वीज पुरवणाऱ्या भागावर, एवढंच आधी बघायचं.

हा भाग म्हणजे व्हीआरएम. वीजपुरवठा संचातून (पीएसयूतून) आलेल्या १२ व्होल्टचे तो साधारण सव्वा व्होल्ट करतो. या दोन्ही प्रोसेसरांवर टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) १७० वॉट लिहिलेला असला, तरी सॉकेटमधून साधारण २०० ते २३० वॉटपर्यंत वीज ओढली जाते आणि सलग भारात करंट १६० अँपियरपर्यंत जातो. रूपांतरात दहा टक्के वाया गेले तरी वीसेक वॉट उष्णता बोर्डावरच तयार होते. ती बाहेर काढणारा हीटसिंक (धातूचा ठोकळा) नसेल, तर बाकी सगळं व्यर्थ.

जाहिरातीत ‘१२+२+१’ असं लिहितात, ही फेजची, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या व्हीआरएममधल्या शाखांची संख्या. त्यातला पहिला आकडा कोअरचा, दुसरा एसओसीचा (प्रोसेसरमधल्या कोअरव्यतिरिक्त भागाचा). पण बारा म्हणजे बारा वेगळे फेज असतीलच असं नाही. बऱ्याचदा सहा फेज जोडीने लावलेले असतात. त्यात वाईट काही नाही. आकड्यापेक्षा पॉवर स्टेज (प्रत्येक फेजमधली वीज बदलणारी चिप) कोणते आणि किती अँपियरचे, ते विचारा. ५० किंवा ६० अँपियरचे, ड्रायव्हर (त्यांना चालवणारं सर्किट) आत असलेले दहा-बारा स्टेज या कामाला पुरतात. अशा स्टेजऐवजी सुटे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे सुटे भाग) लावलेला बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी या प्रोसेसरसाठी नको. हीटसिंक सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अशा दोन्ही बाजूंना हवा, तोही जाड आणि खाचांचा. नुसतं प्लास्टिकचं झाकण असेल तर दिसायला लई भारी, उपयोग शून्य.

चाचण्यांमधले व्हीआरएमच्या तापमानाचे आकडे वाचताना खोलीचं तापमान किती होतं ते आधी शोधा. ते बहुधा २० ते २५ अंश असतं. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३७-३८ वर जातो, म्हणजे एसी नसलेल्या ऑफिसात त्या आकड्यात चाचणीच्या खोलीनुसार बारा ते अठरा अंश मिळवायचे. बेरीज ९० च्या आत आली तर निर्धास्त घ्या. शंभराच्या पुढे जात असेल तर तो बोर्ड सोडा.

लिक्विड कूलर (द्रव फिरवून थंड करणारा) लावणाऱ्यांची इथेच फसगत होते. साध्या कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबर आजूबाजूच्या व्हीआरएमवरही वारा टाकतो; लिक्विड कूलरमध्ये सॉकेटवर फक्त पंप असतो. प्रोसेसर थंड आणि व्हीआरएम तापलेला, असा प्रकार होतो. संगणकाच्या पेटीच्या मागच्या आणि वरच्या पंख्यांनी तिथली हवा हलती ठेवावी. उद्यमनगरसारख्या भागात धातूची बारीक धूळ असते, तिथे हवा आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्याला जाळी हवी.

रॅमच्या चार खाचांसाठी जादा पैसे देऊ नका. रायझन ९००० मालिकेत (९९५०एक्स त्यातलाच) रॅमच्या दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५६०० मेगाट्रान्सफर आहे, चार भरल्या की तो ३६०० वर येतो. ६४ जीबी हवी तर ३२ च्या दोन घ्या, ९६ हवी तर ४८ च्या दोन. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमचं ट्रेनिंग (रॅमशी जुळवून घेणं) होईपर्यंत पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड मेला समजून मध्येच बटण दाबू नये.

दुसरा ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार असेल तर मॅन्युअलमधला लेनचा (माहिती जाण्याच्या मार्गांचा) तक्ता वाचाच. खालची लांब खाच दिसते सोळा लेनची, पण आत चार किंवा एकच लेन असते, तीही थेट प्रोसेसरमधून नाही, तर बोर्डावरच्या चिपसेटमधून. काही बोर्डांत एसएसडीसाठीची तिसरी एम.२ खाच भरली की हार्ड डिस्क जोडायचे दोन साटा पोर्ट बंद पडतात. वायफाय, ऑडिओसाठी जादा पैसे नकोत; ते नंतरही स्वस्तात जोडता येतं.

ज्यावर पैसे घालावेत अशी एक सोय म्हणजे बायॉस फ्लॅशबॅक, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर (बायॉस) पेन ड्राइव्हवरून बदलायचं बटण. ९००० मालिका ऑगस्ट २०२४ मध्ये आली. त्याआधी खोक्यात बंद झालेल्या बी६५० मध्ये तिला ओळखणारा बायॉस नसू शकतो. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न बसवताही काम होतं: २४ पिनी आणि ८ पिनी वीज जोडा, एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावानेच फाइल ठेवा, खूण केलेल्या पोर्टात लावा आणि बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवर करा.

राजारामपुरी असो की शाहूपुरी, बोर्ड दुकानातच उघडून घ्या. सॉकेटचं झाकण वर करून १७१८ पिनांचा मोबाइलवर तिरप्या उजेडात फोटो काढा. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही आणि नंतर वाद घालून उपयोग नसतो. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि बिघडल्यास बोर्ड कुठे पाठवावा लागेल, तेही आत्ताच विचारा.

जोडणी झाली की सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) सलग ३० मिनिटं चालवा, शक्यतो दुपारी. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ‘मॉस’ किंवा ‘व्हीआरएम’ नावाचा आकडा बघा. प्रोसेसर ९५ अंशांवर गेला तर घाबरू नका, ती त्याची ठरलेली मर्यादा आहे. पण प्रोसेसर त्याच्या बराच खाली असताना वेग अचानक पडत असेल, तर संशय व्हीआरएमवर घ्या. आधी मागच्या पंख्याचा वेग वाढवून बघा. तरी व्हीआरएमचं तापमान उतरलं नाही तर बायॉसमध्ये इको मोड (कमी विजेवर चालवायची सोय) १०५ वॉट टीडीपीवर ठेवा: प्रत्यक्ष वीज १४२ वॉटवर थांबते, वेग मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो.