वर्षानुवर्षे पडून राहिलेली शिडाची होडी पुन्हा पाण्यात उतरवताना

बरीच वर्षे जमिनीवर उभी असलेली होडी हाती आली, की लक्ष आधी शिडांकडे आणि रंगाकडे जाते. काम मात्र जलरेषेखालून सुरू करावे, कारण शीड फाटले तर सफर खोळंबते, पण तळातील एक झडप निकामी झाली तर होडीच बुडते.

तळाला आरपार पाडलेले प्रत्येक भोक शोधून त्याची जागा कागदावर टिपून ठेवावी आणि तेथील झडप पूर्ण उघडून पूर्ण बंद करून पाहावी. फिटिंगचा धातू चाकूने किंचित खरवडावा. पितळ गुलाबीसर दिसले, तर त्यातील जस्त निघून जाऊन ठिसूळ तांबेच उरले आहे असे समजून ते बदलावे. अशी फिटिंग दिसायला धडधाकट असते आणि हलक्या धक्क्यानेही तुटू शकते, म्हणून येथे काटकसर मला अजिबात मान्य नाही. तडकलेले रबरी नळ बदलावेत आणि प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाचे मऊ लाकडाचे बूच दोरीने बांधून ठेवावे.

कील, म्हणजे होडीचा तोल सांभाळणारा तळाखालचा जड पंखा, तळाला जिथे जोडलेली असते तिथे भेग किंवा गंजाचे ओघळ दिसल्यास जाणकाराकडून बोल्टची तपासणी करून घ्यावी. फायबरचा डेक हलक्या हातोडीने ठोकत जावा; टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत पाणी मुरून गाभा कुजलेला असू शकतो.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टेनलेस तारा बाहेरून चकाकत असल्या, तरी त्यांची टोके आतून झिजलेली असू शकतात; त्या 10 वर्षांहून जुन्या असतील किंवा त्यांचे वयच ठाऊक नसेल, तर नव्या घालाव्यात.

इंजिनातील जुने डिझेल काढून टाकी धुवावी, फिल्टर आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते रबरी चक्र) बदलावा. जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे पाण्याखालच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, निम्मे झिजले असल्यास नवे बसवावेत. त्यांवर रंग मात्र चढवू नये.

उतरवण्याच्या दिवशी होडी पाण्याला टेकली तरी क्रेनचे पट्टे लगेच सोडू नयेत. आधी आत जाऊन यादीतील प्रत्येक जागा कोरड्या हाताने चाचपावी. लाकडी होडीच्या फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पाणी झिरपणारच, तेव्हा पंप तयार ठेवावा. पहिली रात्र होडीवरच काढावी आणि दर दोन तासांनी तळातले पाणी पाहावे.